येते म्हणायचं नाही

पाण्याला मी लहानपणापासून भिते. दुसऱ्या कुणी विहिरीत डोकावलं तरी मी तोंड फिरवते. जालन्यात मस्तगडला माझं ब्लाऊज शिवायचं दुकान आहे आणि गिऱ्हाईक उगाच हुज्जत घालायला लागलं की माझा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत जातो, असं शेजारीपाजारी सांगतात. पाण्यासमोर मात्र तो आवाज फुटतच नाही. म्हणून "रविवारी होडीत बसून बेटावर जायचं" असं नवऱ्यानं जाहीर केलं, तेव्हापासून रविवार उजाडेपर्यंत मी त्याच्याशी धड बोलले नाही.

नवरा राधेश्याम एमआयडीसीत बियाण्याच्या प्लांटवर कामाला आहे. दिवसभर यंत्रातून पाकीटबंद बियाणं काढणाऱ्या माणसाला सुट्टीच्या दिवशीही बियाणंच बघायचं होतं, यातच काय ते समजा. त्याला कुणीतरी सांगितलं होतं की राजूरच्या पुढे एका धरणाच्या पाण्यात जुन्या गावाचं टेकाड तेवढं वर राहिलंय. तिथं चांगुणाबाई नावाची म्हातारी एकटी राहते आणि तिच्याकडे दुकानात मिळत नाहीत अशी जुनी वाणं आहेत. आता एक संस्था ते सगळं लोकांना दाखवते. पायवाटा आखल्यात, पाट्या लावल्यात.

"अक्षूला पण कळू दे, ज्वारी कशाला म्हणतात," तो म्हणाला. अक्षू म्हणजे आमची अक्षता. पहिलीत आहे, आणि ज्वारी म्हणजे काय ते तिला चांगलं कळतं, कारण भाकरी नको म्हणून ती रोज रडते.

माझ्या सासूबाई पुष्पाबाई, ज्यांना मी आत्याबाई म्हणते, त्या लगेच तयार झाल्या. आत्याबाईंबद्दल इथंच एक सांगून टाकते. घरातून निघताना "जाते" हा शब्द त्यांना चालत नाही. "येते" म्हणायचं. मराठी घरांत सगळीकडेच तसं म्हणतात, पण आत्याबाईंचं जरा जास्तच आहे. माझ्या तोंडून चुकून "जाते" गेलं तर त्या मला दारातून परत बोलावतात, पाटावर बसवतात, पाणी पाजतात आणि पुन्हा निघायला लावतात. "जाते कोण म्हणतं? ज्याला वापस यायचं न्हाई ते," हे त्यांचं वाक्य मी लग्न झाल्यापासून ऐकतेय. अक्षूला तर त्यांनी बोलता यायच्या आधीपासून पढवलंय. पोरगी आता मांजराला "येते" म्हणते, नळाला म्हणते, रिक्षातून उतरल्यावर रिक्षालाही म्हणते. मला हसू यायचं.

आता येत नाही.

गेल्या फाल्गुनातली गोष्ट. राजूरच्या गणपतीला नमस्कार करून आम्ही दुपारी धरणाच्या काठाला पोचलो. फायबरची होडी, मागे लहानसं इंजिन, आणि चालवणारा कडूबा. त्यानं आमच्या गळ्यात नारंगी जाकिटं अडकवली. माझ्या जाकिटाचा एक पट्टा तुटलेला होता. मी तो दाखवला, तर म्हणाला, "काही होत न्हाई ताई, धरून बसा फक्त." मी धरून बसले. आत्याबाईंच्या मांडीला माझी नखं लागली असतील.

पाणी हिरवट काळं होतं आणि तळ कुठंच दिसत नव्हता. मधेच एका वाळक्या झाडाचा शेंडा वर आलेला, त्यावर पाणकावळा बसलेला. "हितं खाली जुनं गाव हाय," कडूबा म्हणाला. "आता आपण मारुतीच्या पारावरून चाललो." अक्षू वाकून मारुती बघायला लागली. मी तिचा फ्रॉक मागून मुठीत पकडला आणि बेटाला होडी लागेपर्यंत सोडला नाही.

चांगुणाबाई उतरायच्या जागी उभी होती. काटकुळी, हिरवं लुगडं, पायात काही नाही. "या" वगैरे काही म्हणाली नाही. उतरणाऱ्या प्रत्येकाचं तोंड तिनं नीट बघून घेतलं, मी नव्या गिऱ्हाइकाचं माप बघते तसं. अक्षूपाशी ती जास्त वेळ थांबली. "हिचं नाव?" मी सांगितलं. "हात धरून ठिवा," एवढंच बोलली आणि पुढे चालायला लागली.

तिच्या मागं आम्ही, जालन्याचंच आणखी एक कुटुंब आणि भोकरदनच्या कॉलेजची काही पोरं. वर "वारसा शेती" अशी पाटी. दगडी ज्वारी कापणीला आलेली, कडेला करडई, एका वाफ्यात राळं, बांधाला देशी कापसाची उंच झाडं. पत्र्याच्या खोलीत मातीची गाडगी आणि त्यांत राख नि कडुलिंबाचा पाला घालून ठेवलेलं बियाणं. अंगणात शेणानं लिंपलेली, माणसापेक्षा उंच अशी, धान्य साठवायची तुरकाट्यांची जुनी कणगी आडवी पडलेली होती. राधेश्यामला तर काय करू आणि काय नको असं झालं. तो दाणे तळहातावर घेऊन उन्हात धरत होता.

"मावशी, हे सारं तुम्ही कशापायी जपलं?" त्यानं विचारलं.

"जपलं न्हाई," ती म्हणाली. "दुकानाला जाणं होत न्हवतं. घरात होतं ते पेरलं. ते आलं, ते पुन्हा पेरलं."

"पण गाव उठल्यावर तुम्ही नव्या गावठाणात का न्हाई गेल्या?"

"मला न्हाई जायचं होतं."

पुढे तिनं थोडंफार सांगितलं. नवरा नव्या गावात राहिला आणि तिथंच वारला. ती थोडे दिवस राहून परत आली. त्यांच्या शेताचा हा वरचा तुकडा कोरडा राहिला होता, तिथं तिनं खोपट घातलं. नंतर केव्हातरी कॉलेजचे एक सर पक्षी बघायला आले आणि ज्वारीची कणसं बघून थक्क झाले. मग संस्था, मग पाट्या, मग आमच्यासारखी माणसं. "लोकं येत्यात, बघत्यात, फोटो काढत्यात," ती म्हणाली. तिच्या बोलण्यात ना कौतुक होतं, ना तक्रार. अशा माणसाचं काय करावं मला कळत नाही. मला भांडणारी माणसं बरी वाटतात.

मग तिनं आम्हाला निसर्गवाटेवर नेलं. दोन्ही बाजूंना चुना लावलेले दगड मांडलेली ती वाट बघून माझं डोकंच फिरलं. बेटाच्या मधोमध आंबा होता, बाभळी होत्या, बांबू होता, गार सावली होती. वाट त्या बाजूला वळतच नव्हती. पाण्याच्या अगदी कडेनं, उन्हातून, सगळ्या बेटाला वळसा घालून जात होती. काही ठिकाणी तर पाऊल घसरलं की थेट पाण्यात. "ही वाट कुठल्या शहाण्यानं आखली?" मी मोठ्यानं म्हणाले. चांगुणाबाई पुढे चालत होती. तिनं ऐकलं असावं, पण मागं वळली नाही. चालताना ती पाटीवरच्या पक्ष्यांकडे बघत नव्हती, झाडांकडे बघत नव्हती. सगळा वेळ पाण्याकडे. मला त्या बाईची भीती वाटायला लागली आणि कधी एकदा इथून निघतो असं झालं.

गोठ्यात लाल कंधारी गायीचं वासरू होतं. अक्षूनं त्याला कणसं चारली, त्याच्या कानात काहीतरी सांगितलं. तिला तिथून हलवताना मला आवाज चढवावा लागला.

तेवढ्यात मावळतीकडून आभाळ भरून आलं. फाल्गुनात असं आभाळ आलं की आमच्याकडे सगळ्यांच्या तोंडाचं पाणी पळतं, कारण त्यातून गारा पडतात. कडूबा खालून ओरडला, "चला जल्दी! दोन खेपा कराव्या लागत्याल!" आत्याबाईंचे गुडघे दुखतात, त्यांना धरायला मी हवी, म्हणून आम्ही दोघी आणि ते दुसरं कुटुंब पहिल्या खेपेला निघालो. राधेश्याम अजून बियाण्याच्या खोलीतच होता आणि अक्षू त्याच्यापाशी पळाली होती. "तुम्ही व्हा पुढं. मी आन् अक्षू पोरांसंगं येतो," त्यानं वरूनच सांगितलं.

होडीजवळ चांगुणाबाई आडवी उभी. "जाते म्हणा," ती आत्याबाईंना म्हणाली.

आत्याबाईंना आधी वाटलं, ऐकण्यात चूक झाली. "येते गं बाई. सुखानं येते."

"हितं येते म्हणायचं न्हाई. जाते म्हणा."

"काय अभद्र बोलून राह्यली ही!" आत्याबाई माझ्याकडे वळल्या. कडूबा घाई करत होता. "तिचा नियमच हाय आजी. म्हणून टाका. जाते म्हणल्याबिगर माणूस होडीत बसल्यालं तिला खपत न्हाई." वारा सुटला होता, होडी काठावर आपटत होती, आणि या दोघी एका शब्दावरून अडलेल्या. शेवटी मीच दोघींच्या वतीनं "जाते, जाते" असं पुटपुटले आणि आत्याबाईंना आत ओढलं. सगळ्या वाटेत त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. मीही कुणाकडे बघत नव्हते. डोळे मिटून बसले होते.

आम्ही काठाला उतरलो, चहाच्या टपरीच्या पत्र्याखाली उभ्या राहिलो. कडूबा तसाच परत गेला. दुसरी खेप दिसायला लागली तेव्हा पहिल्या गारा पडल्या. पोरं होडीतून उड्या मारून डोक्यावर दप्तरं धरून पळत आली. मागून राधेश्याम आला, भिजलेला, हसत. त्याच्या दोन्ही हातांत बियाण्याच्या पुड्या होत्या.

त्याच्या मागं कुणी नव्हतं.

"अक्षू कुठंय?" मी विचारलं.

"तुझ्यापाशी."

"माझ्यापाशी कशी? तुम्हीच म्हणालात ना, तुमच्यासोबत येईल?"

"पण ती तर मला 'पप्पा, येते मी' म्हणली न!" त्याचं हसू अजून पुरतं गेलं नव्हतं. "कडूबा हाका मारत होता. ती 'येते मी' म्हणली आन् पळाली. मला वाटलं, तुझ्याकडं आली, पहिल्या होडीत."

आमच्या घरात "येते" म्हणजे निघाले. आमच्याच घरात काय, सगळ्यांच्याच. आणि सहा वर्षांच्या पोरीला म्हणायचं होतं की आत्ता येते, इथंच थांबा.

आत्याबाईंनी माझा दंड धरला. त्यांनाही कळलं होतं. त्यांनीच शिकवलेला शब्द होता तो.

"मावशी काठावर उभी राहून दोन्ही हात हालवत होती," राधेश्याम म्हणाला. त्याचा आवाज आता ओळखू येत नव्हता. "मला वाटलं, टाटा करून राह्यली. मी पण हात हालवला गं वंदना. मी पण हालवला."

पत्र्यावर गारांचा असा आवाज सुरू झाला की पुढचं मला ऐकू आलं नाही. लिंबाएवढ्या गारा. पाण्यावर पडत होत्या तिथं पाणी उकळल्यासारखं दिसत होतं. बेट दिसेनासं झालं. मला दिसत होती ती फक्त वाट, पाण्याच्या कडेनं जाणारी, आणि तिच्यावर अक्षूच्या गुळगुळीत तळव्यांच्या चपला. मी धावत सुटले तर राधेश्यामनं कमरेला मिठी मारून मला मागं ओढलं. मी त्याला चावले. खरंच चावले, त्याच्या दंडावर अजून खूण आहे.

चांगुणाबाईच्या फोनला रेंज नव्हती. टपरीवाला पुन्हा पुन्हा लावत होता आणि पुन्हा पुन्हा फोनमधली ती बाई तेच सांगत होती. आत्याबाई राजूरच्या गणपतीला काय काय बोलत होत्या. मी देवाला काही बोलू शकले नाही. माझ्या डोक्यात एकच चाललं होतं, मी तिच्यावर वासरापाशी ओरडले होते. ती माझ्याकडे पळत आली असेल आणि होडी निघून गेलेली तिनं बघितली असेल.

गारा थांबल्या, पण वारा होता. कडूबानं पाण्याकडे बघितलं आणि मान हलवली. मग माझ्याकडे बघितलं. "एकच जण," तो म्हणाला. "दोघं न्हाई नेणार." राधेश्याम पुढे झाला, पण मी आधीच होडीत पाय ठेवला होता. पाण्याला भिणारी मी. भीती गेली होती असं मुळीच नाही. पण त्या पाण्यापलीकडे माझी पोरगी होती आणि मला दुसरं काही करताच येत नव्हतं.

"येते, आत्याबाई," मी सवयीनं म्हणाले.

आत्याबाई पाण्यात गुडघ्यापर्यंत आल्या. त्यांनी होडीचा काठ धरला. "जाते म्हण," त्या म्हणाल्या. "वंदना, बराबर जाते म्हण गं माय. त्या बाईनं सांगितलंय तसं."

मी "जाते" म्हणाले.

पाणी होडीत उडत होतं. कडूबा एका हातानं इंजिन सांभाळत होता, दुसऱ्यानं डब्यानं पाणी उपसत होता. "मावशी तिला बघेल ना?" मी विचारलं.

"मावशीसारखं कुणीच बघणार न्हाई." त्यानं डबाभर पाणी बाहेर फेकलं. मग त्यानं मला जे सांगितलं ते त्या वेळी सांगायला नको होतं. पण तो घाबरला होता, आणि घाबरलेलं माणूस बोलत सुटतं.

"तिची एक पोरगी होती, मथुरा. आमी लहान होतो. धरण भरलं त्या साली गाव उठलं, सारे ट्रॅक्टरात बसून राह्यले होते. मथीची शेळी मागं ऱ्हायली. 'येते मी' म्हणली आन् पळाली. मावशीला वाटलं, मथी तिच्या आत्याच्या ट्रॅक्टरात जाऊन बसली. आत्याला वाटलं, पोरगी मायजवळ हाय. नव्या गावात गेल्यावर कळलं. तवर पाणी चढलं होतं."

"सापडली?"

समोरून लाट येत होती, तिकडे त्यानं होडीचं तोंड वळवलं. मग म्हणाला, "तुमी मघाशी इचारलं न ताई, वाट कुणी आखली? संस्थेनं न्हाई आखली. संस्थेनं नुसता दगडाला चुना मारला. वाट मावशीच्या पायानं पडली. रोज सकाळी आन् संध्याकाळी, काठाकाठानं. पोरीला धुंडत."

मी तोंडात पदर कोंबला. नाहीतर मी त्या पाण्यावर किंचाळले असते.

उतरायच्या जागी कुणी नव्हतं. जमीन पांढरी झालेली, गारा पायाखाली करकरत होत्या. ज्वारी सगळी आडवी. मी हाका मारत वर पळाले. बियाण्याची खोली रिकामी. पत्रा एका कोपऱ्यात उचकटलेला. गोठ्यात गाय होती, वासरू नव्हतं. दावं तुटून लोंबत होतं. वासरू सुटलं असेल, ही त्याच्यामागं पळाली असेल, ते काठाकडे गेलं असेल. मी काठाकडे बघायचं टाळत होते. खरं सांगते, त्या क्षणी मला बघायचंच नव्हतं. न बघण्यातच ती जिवंत होती.

"मम्मी."

आवाज अंगणातून आला. ती आडवी पडलेली जुनी कणगी, तिच्या तोंडाशी चांगुणाबाई बसली होती, आमच्याकडे पाठ करून. लुगडं अंगाला चिकटलेलं, चोळी पाठीवर फाटलेली, आणि पाठ गारांच्या मारानं काळीनिळी. तिनं आपल्या अंगानं कणगीचं तोंड बंद केलं होतं. आत खोल अक्षू बसली होती, तिच्या मांडीवर वासराचं डोकं. चांगुणाबाईच्या पदराचं टोक अक्षूच्या मनगटाला बांधलेलं होतं, गाठीवर गाठ.

मी पोरीला छातीशी धरलं तेव्हा ती गाठ मधे आली. सुटेना. मी आयुष्यभर गाठी आणि टाके उसवत आले, ती गाठ मला सोडवता आली नाही. चांगुणाबाईनं दातानं सोडवली.

"मी वासराला येते म्हणायचं विसरले होते," अक्षू हुंदके देत सांगत होती. "म्हणून परत गेले. पप्पांना सांगितलं होतं मी."

"सांगितलं होतंस गं राणी. सांगितलं होतंस," मी म्हणाले.

चांगुणाबाई उठून उभी राहिली. "पोरं सारी 'जातो जातो' म्हणून गेली," ती कडूबाला म्हणाली. "हिचा बाप पण म्हणला. हिचं जाते काही ऐकू आलं न्हाई मला. तवर होडी सुटली होती. मी वरडले, पर तुमचं लक्षच न्हाई. मंग धुंडलं."

खाली होडीपाशी मी तिचे पाय धरले. ती पाय मागं घेत होती. "मावशी, तुम्ही चला आमच्यासोबत. पाठ बघा कशी झालीय. जालन्याला दवाखान्यात दाखवू. चार दिवस आमच्या घरी राहा, मंग कडूबाभाऊ आणून सोडतील."

"न्हाई माय, मला हितून हालता येत न्हाई."

"का पण? कुणासाठी?"

तिनं अक्षूच्या डोक्यावरून हात फिरवला. पाण्याकडे बघत, अगदी साध्या आवाजात म्हणाली, "माझी मथी येते म्हणून गेल्ती. जाते म्हणली असती, तर मी कवाच उठून गेले असते."

कडूबानं इंजिन सुरू केलं. मी अक्षूला मांडीवर घेऊन बसले. चांगुणाबाई काठावर उभी होती, वाट बघत, आणि कशाची ते आता मला माहीत होतं. अक्षू माझ्या तोंडाकडे बघत होती, आजीनं शिकवलेलं बोलू की नको अशी.

"सांग," मी म्हणाले. "मोठ्यानं सांग. मावशीला ऐकू गेलं पाहिजे."

मग आम्ही दोघींनी, वाऱ्यावर ओरडून, तिला स्पष्ट सांगितलं. जातो, मावशी. आम्ही जातो.